भारीचं पेट्रोल

आमच्या घरात सगळ्यात आधी गाडी उठायची. तिला उठवायचे अण्णा, म्हणजे माझे वडील. अंघोळ नाही, चहा नाही, अंगात बनियन आणि खांद्यावर टॉवेल अशा अवतारात ते अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचे, चोक ओढायचे, चावी फिरवायचे आणि गाडी खोकत-खोकत सुरू झाली की बॉनेट उघडून तिच्यावर वाकून उभे राहायचे. काय ऐकायचे देव जाणे. आत स्वयंपाकघरात आईच्या भाकऱ्या थापायचा आवाज, शेजारच्यांच्या नळावर घागरींची भांडणं, रेडिओवर अभंग, आणि या सगळ्यावर गाडीची घरघर. "अहो, बंद करा की ते! दुधाला धुराचा वास लागून राहिला!" आई तव्यावरूनच ओरडायची. अण्णा तिथूनच म्हणायचे, "वास न्हाई त्यो. भारीच्या पेट्रोलचा सुगंध हाय." आई मग भाकरी अशी काही आपटायची की ती फुगायच्या आधीच फाटायची.

ती लहानशी पांढरी चारचाकी आमच्याकडे आली तेव्हा तिचे दोन मालक होऊन गेले होते. अण्णा हिंगोलीत तहसील कचेरीत कारकून. आमच्या गल्लीत तोपर्यंत चारचाकी कुणाकडेच नव्हती, त्यामुळे आल्या-आल्या तिला ओवाळलं, नारळ फोडला, आणि गल्लीतल्या सगळ्या लेकरांना एक-एक चक्कर मारून आणली. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण त्याच सुमाराला नांदेडच्या रस्त्यावर वारंगा फाट्याच्या पंपावर प्रीमियम पेट्रोल मिळायला लागलं. तिथं एक वेगळं मशीन बसवलं होतं, त्याच्यावर पळणाऱ्या गाडीचं चित्र होतं आणि भाव साध्यापेक्षा चढा होता. अण्णांनी ते चित्र पाहिलं आणि आमच्या घराची शांतता गेली. त्या दिवसापासून त्यांनी गाडीत साधं पेट्रोल म्हणून टाकलं नाही. हिंगोलीत तेव्हा ते मिळत नव्हतं, तर दर आइतवारी फाट्यावर जायचं. म्हणजे पेट्रोल आणायला पेट्रोल जाळत जायचं आणि जाळत यायचं. मी हे एकदा बोलून दाखवलं तर म्हणाले, "दादाला भेटायला तर जातोच ना आपण? मग? वाटंतच हाय."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, आमचे तात्या. फाट्यापासून आत कच्च्या रस्त्यानं गेलं की त्यांचं गाव. घरी शेळ्या-मेंढ्या, थोडी तूर, थोडं सोयाबीन. अण्णांचं लहानपण त्याच घरात त्याच शेळ्यांमागं गेलं. शेळ्यांचं चांगलं दूध फाट्यावरच्या हॉटेलांत जायचं आणि घरच्या लेकरांना तळाचं, पाणी घातलेलं मिळायचं, हे अण्णा हजार वेळा सांगायचे. ज्वारी चांगली झाली तर बाजारात, किडकी घरात. कापड आलं तर आधी पाहुण्यांना. "आमच्या नशिबी कायम खालचं," असं म्हणायचे आणि मग गाडीकडे बघायचे. स्वतःच्या चपलेचा अंगठा दोनदा शिवलेला, शर्टाची कॉलर उलटून शिवलेली, पण गाडीला म्हणाल तर भारीचं! मला तेव्हा याचा फार राग यायचा. आता वाटतं, त्यांना आयुष्यात एकदा तरी कुणाला तरी वरचं द्यायचं होतं, आणि ते द्यायला गाडी सापडली. पण त्या वयात कुणाची बाजू समजून घ्यायला मला सवड कुठं होती? पायाला भिंगरी होती माझ्या. आईचाच शब्द तो. "बस की गं एका जागी दोन घडी! ढेकणं चावून राहिली का काय तुला?"

बारावीचा निकाल लागून गेला होता. मार्क चांगले पडले होते. ते दिवस मला अजून अंगावर आठवतात. पाऊस येतो-येतो म्हणायचा आणि यायचा नाही. दुपारी लाईट जायची, पंखा थांबायचा, आणि मी घरभर फिरत राहायची. दारात जायची, परत यायची, पाणी प्यायची, गच्चीवर जायची, चटका बसला की खाली यायची. शेवटी जाऊन गाडीत बसायची. डाव्या बाजूच्या कप्प्यात तिच्या पहिल्या मालकानं ठेवलेलं कंपनीचं पुस्तक होतं, ते मी इतक्या वेळा वाचलं की कोणता नट कुठं बसतो ते झोपेत सांगितलं असतं. गाडी मिस्त्रीकडे नेली की मीही सोबत जायची आणि काय काढतोय, काय घालतोय ते डोळे फाडून बघायची. मला हेच शिकायचं होतं. मेकॅनिकल. नांदेडला जायचं, होस्टेलवर राहायचं आणि इंजिन उघडून आत काय चाललंय ते बघायचं. दुसरं काही डोक्यात शिरतच नव्हतं.

अण्णांच्या डोक्यात डी.एड. होतं. त्या काळी आमच्याकडे हुशार मुलगी म्हटलं की डी.एड. ठरलेलंच असायचं. दोन वर्षांत शाळेत बाई होते, पगार सुरू, स्थळं चांगली येतात. एका संध्याकाळी जेवायला बसलो होतो. आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि वर लसणाची फोडणी. माझ्या आवडीचं, पण त्या दिवशी मी नुसती भाकरी कुस्करत होते. अण्णा समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, पोरीच्या जातीनं गाडीखाली शिरायचं, हात काळे करायचे, पोरांच्या घोळक्यात हातोडा मारायचा, हे काय बराबर दिसत न्हाई. तुला झेपणार बी न्हाई ते. डी.एड. कर. साधं, सरळ. आपल्यासारख्याला तेवढं बास हाय."

"गाडीला भारीचं आन् मला साधं काहून?"

तोंडातून निघून गेलं. अण्णांनी घास ताटात ठेवला. ते चिडले असते तर बरं झालं असतं, पण त्यांचा चेहरा पडला, आणि मला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय म्हणून आणखी राग आला. "सांगा ना," मी म्हणाले, "त्या पत्र्याच्या डब्याला तुमी ते पाजता जे तिला लागतच न्हाई. आन् मला जे लागतं ते द्यायचं म्हणलं की आपल्यासारख्याला बास!"

"लागत न्हाई कसं? भारीचं टाकल्यापासून गाडी बघ कशी लोण्यावाणी चालून राहिली. ॲव्हरेज वाढलं."

"काही वाढलं न्हाई. पुस्तकात लिहिलंय, साधं चालतं म्हणून." आणि मी जेवण सोडून सुरू झाले. इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र करून दाबतात. काही इंजिनं फार जोरात दाबतात, तिथं साधं पेट्रोल ठिणगी पडायच्या आधीच पेटतं आणि इंजिन ठकठक वाजतं. भारीचं पेट्रोल तो दाब सोसतं, म्हणून तसल्या इंजिनाला ते पाहिजे. आपल्या गाडीत तेवढा दाबच नाही. साधं पेट्रोल तिच्यात सुखानं जळतं, मग भारीच्यानं जास्तीचं काय करायचं? अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाब नसला म्हणून काय झालं? जिवाला बरं तर वाटत असंल!"

आईला हसू आलं, मला आलं नाही. बोलाचाली वाढत गेली आणि शेवटी अण्णांनीच पैज घातली. एकदा भारीचं भरून गाडी फिरवायची, मग साधं भरून त्याच रस्त्यानं तेवढीच फिरवायची. साधं जर बरोबरीत जरी उतरलं, तर मी म्हणेन तिथं प्रवेश. भारीचं पुढं गेलं, तर गुमान डी.एड. मी लगेच हात पुढं केला. आई मात्र भडकली. "लेकराचं नशीब पेट्रोलवर ठरवून राहिले तुमी? लाज कशी वाटत न्हाई दोघांला?" असं म्हणून तिनं दोघांचीही ताटं उचलली. माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी होती.

आता टाकी भरायची कुणी? अण्णा भरतील तर माझा विश्वास नाही, मी भरीन तर अण्णांचा नाही. दोघांचाही विश्वास असलेला एकच माणूस, तात्या. शेळीच्या विकायच्या दुधात ज्यानं उभ्या जन्मात पाणी घातलं नाही, असा माणूस. ठरलं असं. एका आइतवारी फाट्यावर भारीचं पेट्रोल टाकीभर भरायचं. आठवडाभर फिरवून टाकी तळाला आणायची. दुसऱ्या आइतवारी साध्यानं टाकी परत भरायची. जेवढं मावलं तेवढं भारीचं जळलं. मग पुन्हा आठवडाभर तोच रस्ता, आणि तिसऱ्या आइतवारी पुन्हा टाकी भरायची. जेवढं मावेल तेवढं साधं जळलं. भरताना पंपावर फक्त तात्या उभे राहणार, आम्ही दोघं पलीकडच्या हॉटेलात बसणार. तळाला थोडं जुनं उरणारच, तेवढं मी सोडून दिलं. नांदेडला प्रवेशाची शेवटची तारीख त्या तिसऱ्या आइतवारच्या दुसऱ्याच दिवशी होती. मी जीव मुठीत धरून बसले.

आता टाकी तळाला आणायची म्हणजे फिरायला पाहिजे. तहसील कचेरी घरापासून हाकेच्या अंतरावर, तिथं जाऊन किती जळणार? मग काय, पेट्रोल जाळायचं म्हणून आम्ही सगळ्या सोयऱ्यांच्या घरी जाऊन आलो. सेनगावला मावशीकडे गेलो. नरसीला नामदेव महाराजांच्या दर्शनाला गेलो, तिथं अण्णांच्या कचेरीतल्या एकाचं घर होतं, त्यांच्याकडे चहा झाला. आई मागच्या सीटवर धपाट्यांचा डबा आणि दह्याचा गडवा मांडीवर घेऊन बसलेली, मी पुढं, पेट्रोलच्या काट्यावर नजर ठेवून. भारीचं टाकी भरून होतं त्या आठवड्यात अण्णांनी गाडी अशी चालवली की रस्त्यातल्या बकऱ्या आम्हाला ओलांडून पुढं जायच्या. उतार लागला की गिअर काढून घेणार, चढ लागला की गाडीला गोंजारणार. पहिल्यांदाच आपल्याकडे कुणी न सांगता, काही कारण नसताना आलं, म्हणून मावशीला भरून आलं. तिनं येसरची आमटी केली, शेवया केल्या, आईला साडी नेसवायला निघाली.

दुसऱ्या आठवड्यात साधं भरून पुन्हा त्याच घरी गेलो. रस्ता बदलायचा नाही ना! मावशीनं दार उघडलं, आम्हा तिघांना बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "काय गं अक्का? काय झालं? कोण गेलं?" कुणीच गेलं नाही म्हटलं तर तिचा विश्वास बसेना. आईला आत नेऊन हळूच विचारलं, "भाऊजीची नोकरी गेली का? खरं सांग, आपल्यात काय लपवायचं." आई रागानं लाल. पेट्रोलसाठी आलोय म्हणून सांगायची तिला लाज वाटली, आणि सांगितलं असतं तर मावशीनं आम्हाला दवाखान्यात नेलं असतं. त्या आठवड्यात अण्णांचा पाय मात्र भलताच जड झाला होता. साधं पेट्रोल म्हटल्यावर नरसीच्या रस्त्यानं अशी काही गाडी दामटायला लागले की मी हँडब्रेकवर हात ठेवून ओरडले, "अण्णा, पाय!" "काय पाय? जुनाच हाय माझा पाय!" "मागल्या आठवड्यात हळू व्हता त्यो!" मग आईनं मागून दोघांनाही झापलं. खरं सांगायचं तर त्या दोन आठवड्यांत आम्ही जेवढं एकमेकांशी भांडलो, तेवढं त्याआधी कधी एका जागी बसून बोललोही नव्हतो.

आता माझ्या गॅरेजमध्ये गाड्या घेऊन येणारी माणसं हाच प्रश्न विचारतात. केस पांढरे झालेत माझे, गाडीखालून उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो, पण रोज एक तरी गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "मॅडम, प्रीमियम टाकू का? फरक पडतो का?" मी सांगते, गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तर टाका, तुमचं इंजिन तसं असेल तर टाका, नाही तर साधं टाका आणि टायरमधली हवा बघत जा. प्रीमियममध्ये इंजिनातला कचरा साफ करायचं औषध असतं, त्यानं थोडं बरं होत असेल, नाही असं नाही, पण रोजच्या ऑफिस-बाजाराच्या गाडीला त्याच्यासाठी दरवेळी जास्ती मोजायची गरज नाही. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि बहुतेक जण जाऊन प्रीमियमच टाकतात. अण्णांनी तर आजपर्यंत सोडलेलं नाही. आता ते गाडी चालवत नाहीत, शेजारी बसतात, पण पंप आला की माझ्याआधी त्यांचीच काच खाली होते. मी आता वाद घालत नाही.

तर तो तिसरा आइतवार. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला, फाट्यावर ट्रकांची ही रांग लागलेली. तात्या डोक्याला पटका गुंडाळून पंपावर उभे. आम्ही तिघं पलीकडे हॉटेलच्या बाकड्यावर. भज्यांचा घाणा चालू होता, पण खाण्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी बसायची, उठायची, परत बसायची. अण्णा नखं कुरतडत होते. एवढा मोठा माणूस नखं कुरतडताना मी पहिल्यांदाच पाहिला. तात्यांनी पंपावरून आकडा ओरडून सांगितला आणि मी पळत जाऊन गाडीच्या धुळीनं भरलेल्या बॉनेटवर बोटानं भागाकार मांडला. मागल्या आठवड्याचा आकडा तोंडपाठ होताच. एकदा केला. पुसला. परत केला. साध्या पेट्रोलनं भारीच्याला पार मागं टाकलं होतं. लिटरमागं चार किलोमीटर जास्त!

मी किंचाळलेच. आईनं धावत येऊन माझा गाल ओढला. तात्यांनी पटका काढून हवेत फिरवला. अण्णा बॉनेटपाशी आले, त्यांनी धुळीतला हिशेब खालीवर दोनदा वाचला. कारकून माणूस, चूक असती तर सापडली असती. सापडली नाही. "बराबर हाय," ते म्हणाले. "हरलो म्या. उद्या नांदेडला जाऊ." आणि खिशातून फडकं काढून, कुणी सांगितलं नसताना, समोरची काच पुसायला लागले.

माझ्या मनासारखं झालं होतं. आता नाचायला पाहिजे होतं. पण मी बॉनेटवरचा आकडा परत परत वाचत राहिले. चार किलोमीटर? कसं शक्य आहे? मी कधी म्हणाले होते साधं पुढं जाईल म्हणून? मी म्हणाले होते, दोन्ही सारखंच. माझंच म्हणणं खरं असेल तर हा आकडा खोटा पडतो, आणि त्यातून शेवटच्या आठवड्यात अण्णा गाडी दामटत होते ते वेगळंच. चहा आला. शेळीच्या दुधाचा, तात्यांनी घरून दूध आणून खास करायला लावलेला. कप हातात घेऊन मी तात्यांच्या शेजारी जाऊन बसले. "तात्या, मागल्या आइतवारी टाकी कशी भरली होती?"

"कशी म्हंजे? भरली. त्यो पाइप टक करून थांबला, तर त्यो पोरगा म्हणतो, झाली. म्या म्हणलं, झाली कशी? हलव गाडी. मग दोघांनी गाडी हलवली, बुडबुडे आले, परत वतलं. परत हलवली. अशी तोंडापर्यंत आणली बघ, बोट घातलं तर भिजावं!"

"आन् आज? आन् पहिल्या खेपंला?"

"पहिल्या खेपंला मला काय ठावं? टक झालं, सोडून दिलं. आज तर मोजून घ्यायचं व्हतं, आज कशाला वरून वतू?"

"मग मागल्याच खेपंला काहून?"

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी खुळं विचारलं. "तुझं माप व्हतं ना ते? तुझ्या नावाचं साधं भरायचं व्हतं त्या दिवशी. लेकराचं माप सपाट भरत असत्यात का?"

त्यांच्या घरची रीतच तशी. पायली मोजायची झाली, आणि ती माहेरवाशिणीसाठी असेल, जाणाऱ्या पाहुण्यासाठी असेल, तर दाणे भरायचे, पायली हलवायची, दाणे दबू द्यायचे, पुन्हा भरायचे आणि वर हातानं शीग लावायची, दाणे कडेनं घरंगळेपर्यंत. दुसऱ्याकडून घ्यायचं असेल तर तळहात फिरवून सपाट. हे कुणी शिकवत नाही, हातच तसे वळतात. तात्यांनी गाडीच्या टाकीलाही शीग लावली होती. आणि नेमकी मधल्या खेपेला. ते वरचं पेट्रोल एका बाजूनं भारीच्यानं जास्ती प्यालं म्हणून मांडलं गेलं आणि दुसऱ्या बाजूनं साध्यानं वाचवलं म्हणून. त्यांनी ते मुद्दाम केलं की सवयीनं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी विचारलं की ते फक्त हसायचे, आणि आता ते नाहीत.

मी तिथं बाकड्यावर बसून राहिले. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. अण्णांना काही कळणार नव्हतं. उद्या प्रवेश, परवा होस्टेल. समोर अण्णा काच पुसत होते. स्वच्छ झालेली काच पुन्हा पुसत होते. लाडक्या गाडीनं भर फाट्यावर तोंडघशी पाडलेला माणूस. मला त्यांची दया आली असं म्हणणार नाही. मला राग आला. स्वतःचा, तात्यांचा, त्या आकड्याचा. दोन आठवडे मी ज्यांना सांगत होते की मनाला वाटतं ते सोडा, मोजून काय निघतं ते बघा, त्यांनी मोजलेलं मानलं होतं, आणि ते मोजणंच चुकीचं निघालं होतं. हे पोटात ठेवून मी इंजिन शिकायला कोणत्या तोंडानं जाणार होते? कप खाली ठेवला आणि उठले.

"अण्णा, हे चुकलंय."

ते वळले. मी सगळं सांगितलं. शीग, हलवलेली गाडी, मधली खेप. तात्या मागून ओरडले, "लेकरा, तुला गप बसता येत न्हाई का?" आईनं कपाळाला हात लावला.

"म्हंजे साधं पुढं गेलं न्हाई," अण्णा म्हणाले.

"न्हाई."

"बरोबरीत तर उतरलं?"

"उतरलं असंल. मला वाटतं उतरलं असंल. पण मोजून निघालं न्हाई. परत करावं लागंल."

"परत करायचं म्हंजे अजून पंधरा दिवस. तारीख तर उद्याची हाय."

"व्हय."

"मग पैज तू जिंकली न्हाईस."

"न्हाई जिंकली," मी म्हणाले, आणि आता मात्र रडू आवरलं नाही. ट्रकवाले बघत होते, भजीवाला बघत होता, काही वाटलं नाही. अण्णांनी फडक्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि गाडीत जाऊन बसले. कळमनुरीच्या पुढं पाऊस लागला, वायपर एकाच बाजूचा चालत होता, अण्णा वाकून-वाकून रस्ता बघत होते. घरी आईनं पिठलं टाकलं. मी जेवले नाही.

सकाळी डोळे उघडले ते हॉर्ननं. अण्णा कधी हॉर्न वाजवत नसत, गाडीला त्रास होतो म्हणून. कंगवा हातात घेऊनच बाहेर आले तर ते इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसलेले, आई मागच्या सीटवर, मांडीवर डबा. "केस काय विंचरून राहिलीस, चल!" आई ओरडली. "कुठं?" म्हटलं तर अण्णा समोर बघत म्हणाले, "नांदेडला. तारीख आजची हाय ना?" रस्ताभर मी पेट्रोलच्या काट्याकडे बघत बसले. काही विचारलं तर ते गाडी मागं फिरवतील अशी भीती वाटत होती.

नांदेडला कॉलेजात रांग होती, सगळी पोरं. आमचा नंबर आला तेव्हा दुपार कलत होती. खिडकीमागच्या बाबूनं कागद बघितले, मग माझ्याकडे बघितलं, मग मला सोडून अण्णांशी बोलायला लागला. "मेकॅनिकल? मुलीला? काका, दुसरं काहीतरी बघा की. हातोडा उचलायचा, वर्कशॉपमध्ये दिवसभर उभं राहायचं. झेपणार नाही हिला. वर्ष वाया जाईल."

अण्णांचेच शब्द होते ते. गेले दोन महिने हेच तर ते मला ऐकवत होते. मी खाली बघितलं. आता ते मान हलवणार, आता म्हणणार, बराबर बोलता तुमी.

"न्हाई झेपलं तर ती स्वतः सांगंल," अण्णा म्हणाले. "तुमाला विचारायची गरज पडणार न्हाई, मला बी न्हाई. स्वतःचं नुकसान होत असलं तरी तोंडावर सांगंल. काल सांगितलं तिनं मला. तुमी नाव लिहा."

बाबू अजून काहीतरी बोलणार होता. अण्णांनी खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही कोपरं टेकवली, आणि तो लिहायला लागेपर्यंत उचलली नाहीत.